फरक पडतो

मिस्त्रींची एक खोड होती. गाडी दुरुस्त झाली असं ते गॅरेजमध्ये उभं राहून कधीच म्हणत नसत. आधी ती पाण्याच्या टाकीकडच्या चढावर नेत. खालच्या विजेच्या खांबापासून टाकीच्या फाटकापर्यंत, तिसऱ्या गिअरमध्ये, घड्याळ लावून. कामाआधीचे सेकंद आणि नंतरचे सेकंद भिंतीवर खडूने लिहीत, मगच किल्ली देत. चाळीस वर्षं हा उद्योग चालला होता. लोक हसत, पण गाडी आणत त्यांच्याचकडे.

म्हणून तर जावयाने एक चक्री त्यांच्यापुढे ठेवली. पत्र्याची, मुठीत मावेल एवढी. इंजिनाला हवा पुरवणाऱ्या नळीत बसवली की हवा गरगरत आत जाते आणि ताकद वाढते, असं खोक्यावर छापलं होतं.

"जावईबापू, ही इंजिनात घालायची की पोरांना खेळायला द्यायची?"

"तुम्हीच सांगा, बाबा. तुम्ही नाही म्हणालात तर विषय संपला."

मिस्त्रींनी जावयाचीच जुनी गाडी चढावर नेली. एकतीस सेकंद. परत आणून नळी उघडली, चक्री बसवली, पुन्हा नेली. अठ्ठावीस! त्यांचा विश्वास बसेना, पण घड्याळ समोर होतं. शिवाय लेकीच्या घरी काही चांगलं घडतंय याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता. दोन्ही आकडे भिंतीवर लिहून ते म्हणाले, "फरक पडतो."

त्या दोन शब्दांवर जावयाने कारखान्यातली नोकरी सोडली आणि चक्र्यांचं दुकान थाटलं. गिऱ्हाइकं भिंतीकडे बोट दाखवून चक्री मागू लागली.

सहा महिन्यांनी एका दुपारी मिस्त्री शाळेतल्या बाईंच्या गाडीत चक्री बसवत होते. नळी सोडवली, तिच्या तोंडाशी असलेली पेटी उघडली, आतला हवा गाळणारा फिल्टर उचलून गुडघ्यावर दोनदा आपटला. भसकन धूळ उडाली. बाकावर बसलेल्या बायकोला ठसका लागला.

"किती वेळा सांगितलं, बाहेर जाऊन झटकत जा! जावयाच्या गाडीच्या वेळी माझ्या चहाचा चिखल केलात."

मिस्त्री जागीच थिजले. पेटी उघडली की फिल्टर झटकायचा, हे वळण काम शिकवणाऱ्या उस्तादांनी लहानपणीच हाताला लावलं होतं. हात काय करतो हे त्यांच्या ध्यानातही येत नसे.

बाईंना थांबवून ते त्यांचीच गाडी घेऊन चढावर गेले. साफ फिल्टर, चक्री नाही: सव्वीस. चक्री बसवून: सव्वीस. पुन्हा काढून: सव्वीस. जावयाची गाडी हलकी झाली होती ती धूळ गेल्यामुळे, आणि श्रेय गेलं होतं पत्र्याला.

गप्प बसता आलं असतं. कुणाची गाडी बंद पडली नव्हती, कुणी तक्रार केली नव्हती. पण मिस्त्रींनी भिंतीवरचे ते दोन आकडे पुसले, खाली ठळक लिहिलं, "चक्रीने काही होत नाही. चूक माझी," आणि लेकीला व जावयाला बोलावून घेतलं.

सगळं ऐकून लेक भिंतीकडे बघतच राहिली.

"खोक्यावरच्या बाता मला पटल्या नव्हत्या, बाबा," जावई म्हणाला. "मी तुमच्या शब्दावर नोकरी सोडली."

"माहीत आहे मला," मिस्त्री म्हणाले. पेचकस उचलून ते जावयाच्या गाडीकडे वळले. पहिली चक्री तिथली काढायची होती. नळी सोडवली, चक्री बाहेर काढली, पेटी उघडली. हाताने फिल्टर उचलला आणि गुडघ्यावर दोनदा आपटला.

जावई शेजारीच उभा होता.

"तेव्हाही असंच केलं होतंत?"

"असंच," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांना मान वर करवेना.