पाठवणीच्या गाण्याचा पत्ता

“सगळ्यांसाठी गायलं की कोणीच ऐकत नाही, गाण्याला एकाचा पत्ता पाहिजे,” असं रत्नप्रभाबाई एकदा म्हणाल्या होत्या. टपाल खात्यात उभी हयात गेलेल्या बाईच्या तोंडी ते शोभूनही दिसलं.

चेन्नईतल्या तंजावरी मराठी घरांत त्यांच्या पाठवणीच्या गाण्याची ख्याती होती. गाणं आजीकडून आलेलं. नवरी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकते आणि घरातली एकेक वस्तू तिला विचारते, आता आम्हाला हात कोण लावणार? चाल साधी, पण शेवटाकडे सूर असा खाली उतरे की जिन्यातला एकेक दिवा कुणी मालवत चाललंय असं वाटे. वस्तू मात्र दर लग्नात नव्या. त्यासाठी बाई आधीच लग्नघरी जाऊन बसत, कॉफी पीत, घरच्यांना बोलतं करत. कुणाचं काळीज कुठं अडकलंय ते हेरत आणि ऐन वेळी त्या एकाकडे बघूनच गात. तो रडला की सगळा मांडव मागोमाग. तेवढं झालं नाही तर पाहुण्यांना लग्न आळणी वाटे.

यंदा लग्न भाचीचंच होतं. सहाना शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरमध्ये. नवरा अनिकेत मूळचा सांगलीचा, ओरगडमच्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. दोघांनी घर घेतलं ते सहानाच्या वडिलांच्याच इमारतीत, दोन मजले वर.

“आत्या, मी लिफ्टनं सासरी जाणार,” सहाना म्हणाली. “त्यासाठी कुणाला रडवायचं? ते गाणं नको, प्लीज. अप्पांना हसत राहू दे.”

बाई तमिळ वळणानं “सरी”, म्हणजे बरं, म्हणाल्या खऱ्या, पण जेवण गोड लागेना. घरच्याच लग्नात गाणं गप्प राहिलं, तर बाहेरचे कशाला बोलावतील? आणि हट्टानं गायचं तरी कुणाकडे बघून? भाऊ शेषाद्री तर नुसता तरंगत होता. मुलगी-जावयाची सकाळची कॉफी खालीच व्हायची, हे त्यानं परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

मग बाई सवयीनं जाऊन बसल्या त्या वरपक्षाकडे. अनिकेतची आई, कमलिनीताई, मोठी हसरी बाई. इथल्या उकाड्याला हसे, केळीच्या पानावरून पळणाऱ्या रसमला हसे. रत्नप्रभाबाईंचं बोलणं ऐकून म्हणाली, “तुमची मराठी म्हणजे आमच्या आजेसासूबाईंची पोथी.” हसता हसता तिच्याकडून बरंच निसटलं. अनिकेतची बॅट अजून दारामागं आहे, केर काढताना उचलायची आणि परत तिथंच ठेवायची. पोळ्या अजून त्याच्या वाटच्याही लाटल्या जातात.

लग्नाच्या दिवशी टी. नगरच्या कार्यालयात जेवणं उरकली, पाठवणीची वेळ झाली. सगळे बाईंकडे बघू लागले, शेषाद्रीसुद्धा. सहानानं लांबूनच मान हलवली.

बाईंनी आपली खुर्ची उचलली, वधूपक्षाकडे पाठ केली आणि कमलिनीताईंच्या समोर मांडली.

“सहानाला शब्द दिलाय, तिच्यासाठी गात नाही,” त्या म्हणाल्या. “ती कुठं जातच नाही. घर सोडलं ते तुमच्या मुलानं. त्याची पाठवणी कोणी केली?”

“त्याची कसली पाठवणी?” कमलिनीताई हसल्या. “कंपनीनं तिकीट पाठवलं, गेला.”

बाईंनी सूर धरला. दारामागची बॅट विचारू लागली, आता मला कोण नेणार? वरपक्षाची पोरं खिदळली. पोळीनं विचारलं, माझ्यावर जास्तीचं तूप कोण मागणार? कमलिनीताईही हसल्या. पुढच्या कडव्याला सूर उतरू लागला आणि हसत्या तोंडावरूनच त्यांच्या डोळ्यांचं पाणी वाहू लागलं. अनिकेत मुंडावळ्यांसकट येऊन आईच्या पायाशी बसला. तिनं त्याच्या डोक्यात एक टपली मारली आणि फोन तरी करत जा म्हणाली. मग मात्र सगळा हॉल फुटला. सहानाचं काजळ गालांवर आलं. शेषाद्री सगळ्यांहून मोठ्यानं रडत होता. मुलगी दोन मजले वर चालली होती, तरी त्याला आवरेना.

गाणं संपल्यावर कमलिनीताईंनी बाईंचा हात धरला. “सांगलीला याल? आमच्या गल्लीत अशा पुष्कळ आया आहेत.”

रत्नप्रभाबाईंनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट दाबला. मग हळूच सोडला, पदर सावरला आणि पिशवीतून पेन काढलं. “एकेकीचा पत्ता सांगा, पिनकोडासकट.”