वळणावरची मामी आणि पेशकारांची पायगाडी

तमाम लहानथोर रयतेस, दुकानदारांस, गाडीवानांस आणि विशेषेकरून रस्त्याच्या मधोमध उभे राहून गप्पा मारणाऱ्या सद्गृहस्थांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, बीड शहरी, निजाम सरकारच्या अमलात, भर दुपारी, एका पायगाडीने बांगड्यांच्या हाऱ्यास धडक दिली. आणि तिचा निवाडा होईपर्यंत आमच्या गल्लीत कोणाच्याही घशाखाली सुखाने घास उतरला नाही.

यातला शेवटचा भाग खोटा आहे. आम्ही सगळे व्यवस्थित जेवत होतो. उलट थोडं जास्तच, कारण तोंडी लावायला रोज ताजा विषय होता.

तेव्हा मी माझ्या मामांच्या कापडदुकानात नुकताच बसायला लागलो होतो. दुकान होतं कचेरीकडून बाजारात उतरणाऱ्या रस्त्याच्या ऐन वळणावर. समोर एका सपाट दगडावर बांगड्यांचा हारा, म्हणजे मोठी टोपली, घेऊन एक कासारीण बसायची. तिला सगळं गाव मामी म्हणे; तिच्याहून थोरल्या बायासुद्धा. हात हातात घेतला की ही बाई अशी बोलायला लागे की बांगडी मनगटावर चढली कधी हे कळत नसे. गुडघे मात्र तिचे कामातून गेले होते. घरोघर हारा डोक्यावर घेऊन फिरणं तिनं सोडलं होतं. आता तो दगड हेच तिचं दुकान आणि तेच पोट.

त्या उताराची रीत अशी होती की तिथं कोणी मान वर करून रस्ता बघत नसे. सगळा कारभार कानावर चाले. बैलांच्या गळ्यातली घुंगरमाळ जड आणि संथ वाजली की कापसाची गाडी. मग पाय नीट आत ओढायचा. हलकी, चटचट वाजली की कुणा पाटलाची दमणी. मग नुसतं अंग चोरलं तरी पुरे. आमचे मामा गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत, कापड मोजत आणि त्याच वेळी न बघता ओट्याखाली लोंबणारा पाय बरोबर वर घेत. इतकी वर्षं त्या वळणावर कुणाला साधं खरचटलंही नव्हतं.

मग हैदराबादहून कचेरीत नवे पेशकारसाहेब, म्हणजे तहसीलदारांचे कारकून, आले आणि सोबत त्यांची सायकल आली. गावानं तिला लगेच पायगाडी करून टाकलं. साहेब तरुण, सडपातळ. डोक्यावर लाल रुमी टोपी, तिचा काळा गोंडा वाऱ्यावर मागे उडतोय, आणि अंगठा सतत घंटीवर. कचेरीपासून खाली बाजारापर्यंत ट्रिंग ट्रिंग ट्रिंग! इतक्या सभ्यपणे सूचना देत येणारं वाहन आम्ही आजवर पाहिलं नव्हतं. आणि इतकं धडकणारंही. पहिल्या आठवड्यात कुंभाराचं गाढव. मग गवळणीचं दह्याचं मडकं. मग खुद्द आमचे मामा, पण मामांचं काम कचेरीत अडकलं होतं, म्हणून ते कमरेला शेक घेत म्हणाले, "धडकले न्हाईत रे, नुसते चाटून गेले."

चमत्कार असा की साहेब जितकी जास्त घंटी वाजवत, तितके जास्त लोक रस्त्यात येत. विचारलं तर जो तो आपल्या कामानंच बाहेर आलेला असे. कुणाला पाऊस बघायचा असे. उन्हाळ्यात.

"बीड के लोगां बहरे हैं क्या?" साहेब दर धडकेनंतर आकाशाला विचारत.

आणि मग मामीची पाळी आली. साहेब उतारावरून आले, घंटी वाजली, मामी हारा काखेत मारून दगडावरून उठली, चार पावलं रस्त्यात आली, आणि पुढच्या क्षणी हारा हवेत, साहेब मामांच्या लुगड्यांच्या ढिगात, आणि वळणभर हिरव्या काचांचा सडा. मामीचं कोपर सोलपटलं. साहेबांची टोपी गटारात.

आता वाटलं, साहेब दोन शब्द चांगले बोलतील. छे! दुसऱ्याच दिवशी त्यांनी तहसीलदारांकडे तक्रार केली, की ही बाई सरकारी रस्ता अडवून बसते. घंटी वाजवली तरी हटत नाही, उलट अंगावर येते. तिला तिथून कायमची उठवावी.

ऐकून मामीचं तोंड एवढंसं झालं. "या गुडघ्यानं दारोदार फिरू का आता?" एवढंच म्हणाली आणि दिवसभर कुणाच्या हातात बांगडी भरली नाही.

तहसीलदार आमच्याकडचेच होते, देहानं आणि मनानं ऐसपैस. कागदावर निकाल देण्याऐवजी ते स्वतः वळणावर मुआयन्याला, म्हणजे पाहणीला, आले. दुकानासमोर मेज मांडलं, दौत ठेवली, चपराशानं छत्री धरली. जवानांनी रस्ता मोकळा केला. सगळे ओट्यांवर चढून बसले. नाटकाला होणार नाही एवढी गर्दी.

"बोला मामी, काय झालं?"

"बांगड्या वाढल्या, सायेब."

बांगडी फुटली असं आपल्या बायका तोंडानं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. पण हैदराबादच्या पेशकारांना कोणीतरी शब्दाचा सरळ अर्थ सांगितला आणि ते ताडकन उठले, "बढ़ गए? तो फिर शिकायत काय की?"

हसून हसून चपराशाची छत्री तहसीलदारांच्या डोक्यावर मिटली. ती पुन्हा उघडल्यावर साहेबांनी आपला मुद्दा ठणकावून मांडला: "मैं घंटी बजाया की नै? पूछो इनको!"

"वाजली घंटी?"

"वाजली की," मामी म्हणाली.

"मग बाजूला व्हायचं सोडून रस्त्यात का म्हून आलीस?"

मामी पदराचं टोक बोटाला गुंडाळतेय, सोडतेय. तहसीलदारांनी पुन्हा विचारलं. मामी दगडाकडे बघतेय. मामा माझ्या कानात म्हणाले, "बोलली न्हाई तर गेला बघ तिचा दगड." आणि मग मोठ्यानं ओरडले, "मामी, बोल की! तोंडात काय धरलंस?"

"रेवडी!" मामी भडकून म्हणाली. "रेवडीवाला आला वाटलं मला! त्याची घंटी अशीच वाजती!"

सगळ्यांच्या माना गर्रकन मामीकडे वळल्या. कारण मामीनं धाकट्या लेकाचं लगीन जमेपर्यंत गोड सोडलंय, हे तिनं स्वतःच अख्ख्या बीडला सांगितलं होतं.

ओट्यावरून एक बाई म्हणाली, "मग बरोबर हाय! म्हनूनच जमंना ग त्याचं!"

"तू गप ग! तुझा नवरा त्या दिवशी पाऊस बघायला आलता, त्याच्या हातात वाटी का म्हून होती?" मामी उलटली.

आणि एकेकाचे चेहरे उतरू लागले. गवळण मडकं सावरायचं निमित्त करून वळली. कुंभार गाढवाकडे बघू लागला, जणू रेवडी गाढवालाच हवी होती. मामांनी तर कापडाचा तागाच डोळ्यांपुढे धरला.

साहेबांचा मात्र संताप संताप झाला. विलायती घंटी, खास हैदराबादेत बसवून घेतलेली, आणि ती रेवडीवाल्याची? "हुजूर, मैं चला के दिखाता! खाली रस्ता है, देखो कोई आता क्या!"

तहसीलदारांनी मान हलवली. साहेब सायकल घेऊन वर कचेरीपर्यंत गेले. आम्ही सगळे ओट्यांवर शहाण्यासारखे बसलो. रस्ता झाडून पुसून मोकळा. साहेब निघाले. ट्रिंग ट्रिंग ट्रिंग!

आम्ही शहाणे होतो, पण मागच्या बोळाला कोणी काही सांगितलं नव्हतं. पहिल्या ट्रिंगबरोबर तिथली दारं उघडली. रेवडीच्या बदल्यात द्यायला सुपात जोंधळे घेऊन बाया धावत आल्या, वाट्या घेऊन म्हातारे आले, एक पैलवान तर अंगाला तेल लावलेला तसाच आला. "थांब रे रेवडीवाल्या!" साहेबांनी डावीकडे वळवलं, तिकडे पैलवान. उजवीकडे वळवलं, तिकडे सूप. मधे उरलं होतं फक्त सरकार. साहेब सायकलीसकट मेजावर आले आणि दौत तहसीलदारांच्या पांढऱ्या शेरवानीवर.

कोणी हसलं नाही. हसायला श्वास लागतो, तो सगळ्यांनी धरून ठेवला होता.

तहसीलदारांनी शेरवानीवरची शाई बोटानं निपटली. मग निकाल दिला, तो मला आजही शब्दन् शब्द आठवतो: "बाई बसली तिथंच बसंल. जे बसलंय त्यानं का म्हून हटायचं? जे पळतंय त्यानं बघावं. फुटल्या बांगड्या पेशकार भरून देतील. आणि ही घंटी काढा. या गावाला जी समजती ती वाजवा. उद्यापासून पायगाडीला घुंगरमाळ."

"हुजूर! बैल की माला?" साहेब रडकुंडीला आले.

"उतारावर ब्रेक दाबून, हळू," तहसीलदार म्हणाले. "बैलबी हळूच उतरतो."

मामीनं तिथंच दगडाला हात लावून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे कामात असल्याचं सोंग करून वाट बघत होतो. वरून छुन छुन छुन ऐकू आलं. साहेब मान खाली घालून येत होते. पुढच्या दांडीला लाल गोंड्यांची घुंगरमाळ, टोपीचा काळा गोंडा अगदी निमूट. आणि काय सांगू, वळणानं आपोआप वाट दिली! मामांचा पाय वर गेला, गवळण भिंतीला टेकली, गाढवसुद्धा सरकलं.

मामी एका नव्या नवरीचा हात धरून हिरवा चुडा चढवत होती. तिनं मान वर केलीच नाही. घुंगरं कानावर पडताच सवयीनं हारा जवळ ओढला. सायकल अंगाला न लागता, हळू, अदबीनं पुढे गेली, आणि मामी तशीच खाली बघत, साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं बोलून गेली,

"कुनाचं जनावर हाय ग बाई हे? लई गुनाचं हाय, धडक न्हाई दिली!"