फुकटचे टाके

चेनवाल्या काकांचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक मशीन, एक स्टूल आणि भिंतीला टांगलेल्या बॅगा. बॅगेची चेन बिघडली की आसपासचे सगळे तिथे येत, आणि चेनीबरोबर बॅगेचं आणखी काहीतरी दुरुस्त होऊन परत मिळे. तुटलेला बंद, उसवलेला कोपरा. त्याचे पैसे काका घेत नसत. पण त्याबद्दल बोलल्याशिवाय राहतही नसत, हे आधीच सांगितलेलं बरं.

त्यांची पुतणी एका ऑफिसात नोकरीला होती. तिने एकदा सांगितलं, "काका, इंग्रजीत याला 'पे इट फॉरवर्ड' म्हणतात. आपलं कुणी भलं केलं, की आपण पुढच्या अनोळखी माणसाचं करायचं." काकांच्या तोंडात त्याचं 'पेटी फॉरवर्ड' झालं. "हे आमच्याकडून पेटी फॉरवर्ड," म्हणत ते बॅग हातात ठेवत आणि नवीन गिऱ्हाईक पेटी शोधत इकडेतिकडे बघे. काकू म्हणायच्या, "टाका एक घालतात आणि गावभर सांगत सुटतात." काका ते हसण्यावारी नेत.

एकदा एक बाई निळी बॅग टाकून गेली. चेन तेवढी बदलायची होती. काकांना बॅगेच्या बाजूला बोटभर चीर दिसली. मेण लावलेल्या दोऱ्याने त्यांनी ती अशी शिवली, की शोधून सापडू नये. बाई न्यायला आली तेव्हा दुकानात झुंबड होती. ती घाईघाईने बॅग घेऊन गेली आणि सांगायचं राहूनच गेलं. काकांना त्याची चुटपुट लागली.

म्हणून तीच बाई ती निळी बॅग घेऊन पुन्हा दारात दिसली तेव्हा त्यांची कळी खुलली. समोर चार गिऱ्हाइकं होती.

"आभारबिभार नकोत हं ताई," काका सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले. "ती चीर मी आपली माझ्याकडून शिवली. पेटी फॉरवर्ड."

बाई म्हणाली, "काका, ती चीर मीच कापली होती. बाबांचा ऑक्सिजनचा लहान सिलिंडर या बॅगेत असतो. त्याची नळी तिथून बाहेर येते."

काकांचा हात मशीनच्या चाकावर तसाच राहिला.

"कित्येक महिन्यांनी ते खाली बागेत यायला तयार झाले होते. बूट घालून बसले होते. चेन उघडी ठेवली तर सिलिंडर घसरत होता. मी कात्री घेऊन तुमचे टाके शोधत बसले, ते काही दिसेनात. तेवढ्यात त्यांनी बूट काढले. म्हणाले, राहू दे आता."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "हे शिवू का?" असं त्यांनी आजवर कुणालाही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उपकाराची मजा गेली असती. हे खरं कारण त्यांना आत्ता, चारचौघांत कळलं, आणि स्वतःची लाज वाटली. ते ब्लेडने एकेक टाका उसवू लागले. त्यांचेच टाके, तरी त्यांना नीट दिसेनात.

"नळी केवढी जाड आहे?" त्यांनी खालमानेने विचारलं. "बॅग कुठल्या खांद्याला लावतात?"

तिने सांगितलं. त्यांनी चिरेच्या कडा काजासारख्या बांधून दिल्या.

"मी घरी येऊ का ताई? त्यांची माफी मागतो."

"नको, नका येऊ." बाई अवघडली. "मी तुम्हाला हे बोलले ते त्यांना कळायला नको. खरं तर बोलणारही नव्हते. तुम्ही आभारांचं काढलंत म्हणून तोंडातून गेलं. निघताना त्यांनी मला दोनदा बजावलंय, चेन छान झालीय असं सांग, चीर हळूच मोकळी करून घे, बाकी काही बोलू नकोस. त्या माणसाने आपुलकीने केलंय, उगाच त्याच्या मनाला लागेल."

काकांना वर बघवेना.