आप्पांचं लोटन

कबूतर अंगणात गरागरा लोळत होतं आणि खासबागेतले हातमागवाले आप्पा मला कौतुकानं दाखवत होते, "बघा डॉक्टर, अस्सल लोटन. निपाणीच्या बाजारातनं आणलंय."

मी बेळगावात ढोरांचा डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. आलो होतो त्यांच्या म्हशीची कास बघायला, पण आप्पा सोडतात कुठले! लोटन म्हणजे हातानं हलवून खाली सोडलं की लोळणारं कबूतर. शौकिनांना त्याचं लई अप्रूप. हे मात्र कुणी हात न लावताच लोळत होतं. ही काय भानगड, म्हणून मी चार जोंधळे टाकले. त्याला भूक होती, पण चोच दाण्याच्या शेजारी पडायची. मान पिळवटून पाठीवर गेलेली. विष्ठा हिरवी, पाण्यासारखी.

कोंबड्यांना असं झालं की लोक मानमोडी म्हणतात, आमच्या दवाखान्यात रानीखेत. व्हायरसचा रोग, म्हणजे मायक्रोस्कोपमधूनही न दिसणाऱ्या जंतूचा. औषध नाही. पण कबुतराला? आणि त्याच्याकडून कोंबडीला? मी कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगतो, मला मजाच वाटत होती.

शेजारच्या गंगाक्कांच्या कोंबड्या दिसल्या आणि मजा उतरली. बाई विधवा, अंडी विकून घर चालवायच्या. त्यांच्या कोंबड्या रोज याच अंगणात कबुतरांबरोबर दाणे टिपायच्या. मी त्यांना म्हटलं, सगळ्या खुराड्यात कोंडा, दाणापाणी वेगळं ठेवा. आप्पांना म्हटलं, हे कबूतर मारून पुरा.

"लोटन मारू? तुमास्नी म्हशीतलं कळतंय, कबुतरातलं न्हाय."

"आजारी जनावर कळतंय मला, आप्पा."

ऐकतील तर शपथ! गंगाक्कांनी मात्र ऐकलं. फक्त त्यांचा कोंबडा काही कोंडून राहीना, भिंतीवरून उडून आप्पांकडं जायचाच.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा म्हशीपाशी होतो. गंगाक्का कोंबडा काखेत घेऊन आल्या आणि आप्पांच्या पुढ्यात ठेवला. तो मान उलटी करून जागच्या जागी फिरला आणि आडवा झाला.

"घ्या आप्पा. माझा कोंबडा बी लोटन झाला."

 आप्पा उठले, परड्यात स्वतः खड्डा खणला, आणि कोंबडा नि कबूतर दोन्ही मारून त्यात पुरली. गंगाक्कांकडं बघायचं मात्र त्यांना धाडस झालं नाही.

कोंडलेल्या कोंबड्या वाचल्या. तेव्हापासून कुणी मला पाखराची कला दाखवायला लागलं, की मी आधी त्याच्यापुढं चार दाणे टाकतो.