चार जीबीत न मावलेला साचा

सातपूरच्या कारखान्यातली साचे डिझाइन करायची माझी नोकरी गेली, तेव्हा पन्नाशी उलटली होती. घरून कामं घेईन म्हणून मोठ्या ऐटीत लॅपटॉप घेतला. त्याआधी त्यातल्या ग्राफिक्स चिपचा तक्ता इंटरनेटवर शोधून पाठच केला: मेमरी बारा जीबी, कोअर इतके, वॅट इतके. बायकोलाही म्हणून दाखवला. ती म्हणाली, "उद्या पेपर आहे का तुमचा?"

पहिलं काम अंबडच्या एका कंपनीचं मिळालं, प्लॅस्टिकच्या झाकणाचा साचा. हे पसंत पडलं तरच पुढची कामं, नाहीतर माझ्या वयाच्या माणसाला कोण विचारतंय! साचा अर्धा झाला आणि स्क्रीन गोठायला लागली. माउस हलवला की मॉडेल मिनिटभराने हलायचं. तक्ता पुन्हा काढला आणि कपाळावर हात मारून घेतला. मी पाठ केला होता तो टेबलावरच्या मोठ्या कॉम्प्युटरच्या चिपचा. लॅपटॉपमधल्या चिपचं नाव तेच, मेमरी मात्र चार जीबी. दुसऱ्यांच्या ड्रॉइंगमधल्या चुका काढण्यात माझं आयुष्य गेलं, आणि मला एक तक्ता धड वाचता आला नाही.

मुदत चार दिवसांवर आली होती. अक्षरशः रडकुंडीला आलो. शेवटी मॉडेल हलकं करायला एकेक भाग स्क्रीनवरून लपवत गेलो. आधी स्क्रू, मग साचा थंड ठेवणाऱ्या पाण्याची भोकं. तेव्हा कुठे काम पुढे सरकलं.

कंपनीत दाखवायला बसलो तर लॅपटॉप पुन्हा अडकला. तिथली डिझाइन प्रमुख पूर्वी माझ्याच हाताखाली शिकलेली. "सर, राहू द्या, आमच्या मशीनवर उघडू," ती म्हणाली. तिने लपवलेले सगळे भाग दिसते केले. मॉडेल झरझर फिरायला लागलं. बघा, खोट माझ्या चिपमध्येच होती, असं मी म्हणणार, तोच तिचा हात थांबला. तयार झाकण बाहेर ढकलणारी पिन सरळ पाण्याच्या भोकातून आरपार गेली होती; असा साचा पहिल्याच दिवशी गळला असता. पिन आणि पाणी आधी तपासायचं, हे मीच तिला शिकवलं होतं.

मागे तिची दोन माणसं उभी होती. तिने पटकन मॉडेल दुसऱ्या बाजूला फिरवलं आणि हळूच विचारलं, "सर, तब्येत बरी आहे ना तुमची?"

चारचौघांत झापलं असतं तरी चाललं असतं मला. "बरी आहे," म्हणालो.