पवळी मेली, हे कोणी सांगितलं?

परवा हिंगोलीला लेकीकडे गेले होते. चहा पुढ्यात यायच्या आधीच नात रडत आली… हातात माझंच जुनं, पिवळं पडलेलं पुस्तक. "आजी, पवळी मेली गं!"

मला हसू आलं, तर ती आणखीच चिडली. तिला काय सांगू, याच एका ओळीपायी आमच्या शिरड शहापूरच्या घरात केवढा गोंधळ झाला होता ते!

दुष्काळ सरून वर्ष-दोन वर्षं झाली होती, मी सहावीत असेन. श्रावणात आमच्याकडे पोथी लागायची. मी वाचायची आणि शेजारचे नामदेवकाका अर्थ सांगायचे. काकांच्या अर्थात कापसाचा भाव, जवळा बाजारच्या हाटात फसलेला बैलाचा सौदा, सुनेचं अळणी वरण, सगळं यायचं. लोक खरं तर त्यासाठीच यायचे.

त्या वर्षी पोथी संपली आणि संध्याकाळी अगदी सुन्या झाल्या. मग मला शाळेत बक्षीस मिळालेलं पुस्तक निघालं. सोमा नावाचा अनाथ मुलगा, पवळी नावाची त्याची शेळी आणि दोघांना छळणारा एक लबाड चुलता. शेवटी दोघं त्याच्या तावडीतून सुटतात, एवढीच गोष्ट.

पण आमच्या लोकांना पुस्तक ऐकायची एकच रीत ठाऊक! त्यामुळे तेही पाटावर बसलं, त्याला हळद-कुंकू लागलं, काकांनी अर्थ सांगितला आणि समाप्तीला नारळसुद्धा फुटला…

सगळ्यात जास्त जीव लावला तो गयाआत्याने. आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण, घरातलं हायकोर्ट. तिने स्वतःच्या शेळीचं नाव पवळी ठेवलं, आणि त्यानंतर पवळीला कोणी नुसतं 'शेळी' म्हटलेलं तिला खपेना.

पुढच्या वर्षी नांदेडला नोकरी करणाऱ्या दादाने बातमी आणली, सोमाचा दुसरा भाग आलाय! मूळ लेखक वारले होते, हा कोणा नव्या लेखकाने लिहिलेला. आत्याने ओसरी सारवून घेतली, पेढे मागवले. बसायला जागा उरली नाही.

मी वाचायला घेतलं. सोमा मोठा झालाय, शहरात साहेब झालाय, पवळी गावाकडेच आहे… लोक खूश. आणि दुसऱ्या पानावर आलं, 'पवळी मेल्याचे चुलत्याने कळवले, तेव्हा सोमाला वाईट वाटले.' बस्स. पुढच्याच ओळीत साहेब डबा खायला बसले.

"पुन्ना वाच," आत्या म्हणाली. मी पुन्हा वाचलं. पवळी पुन्हा मेली.

"काहून मेली? काय झालतं तिला?" आता पुस्तकात कारणच नाही तर मी काय सांगणार! "माय माय… शेळी मेली आन् ह्यो डबा खाऊन राहिला? ह्याला काळीज हाय का न्हाई?"

आत्या उठली ती थेट गोठ्यात जाऊन बसली. तिची पवळी गाभण होती, दिवस भरत आले होते. लागलेल्या पोथीत पवळीचं मरण निघालं, म्हणजे आता आपली पवळी काही वाचत नाही, असं तिच्या मनाने घेतलं. ती जेवली नाही. मलाही घास जाईना, कारण ती ओळ माझ्याच तोंडून निघाली होती ना…

बरं, वाचन बंद करावं तर लागलेली पोथी अर्ध्यात सोडायची नाही, हा नियमही आत्याचाच! दुसऱ्या दिवशी आईने तिला कसंबसं ओसरीवर आणून बसवलं. काकांनी मला तीच ओळ पुन्हा वाचायला लावली. मग चांगले दोनदा खाकरले.

"आता अर्थ ऐका. पवळी मेली, हे सोमाला कोणी सांगितलं?"

"चुलत्यानं," मागून कोणीतरी म्हणालं.

"त्यो चुलता पैल्या पोथीत एक तरी शब्द खरा बोलला का?"

"न्हाई!" अख्खी ओसरी ओरडली.

"मंग? आन् तुमी सुतक धरून बसले!"

आत्याने पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाली, "वाच फुडं."

तिथून एकाच पुस्तकाच्या दोन गोष्टी झाल्या. मी वाचायची त्यात साहेब फायलींवर सह्या करायचे, आणि काकांच्या अर्थात पवळी दावं तोडून शहराकडे निघालेली! वारंगा फाट्यावर तर एका ट्रकवाल्याने तिला केळी खाऊ घालून गाडीत घेतलं. दादा कुरकुरला, असं कुठे लिहिलंय म्हणून. आत्या कडाडली, "लिव्हणाऱ्याला काय ठावं? त्यो शिरडला आल्ता का?"

समाप्तीच्या संध्याकाळी मी शेवटचं वाक्य वाचलं, साहेब ऑफिस बंद करून घरी निघाले. काकांनी डोळे मिटले. "आन् घराच्या दारात येऊन पाहतो तं…"

तेवढ्यात गोठ्यातून आई ओरडली, "आक्का, पळा! पवळी व्याली, दोन करडं हायत!"

आत्या धावली, तिच्यामागे सगळी ओसरी धावली. काका एकटेच बसले… एवढा रंगवलेला शेवट आणि ऐकायला कोणी नाही! शेवटी तेही रागारागाने गोठ्यात आले आणि ओल्या करडांसमोर उभं राहून सोमा-पवळीची भेट घडवून मगच घरी गेले. आत्या एका हाताने पवळीला कुरवाळत होती, दुसऱ्या हाताने डोळे पुसत होती. करडांची नावं पडली सोमा आणि साहेब. साहेब भलताच उनाड निघाला.

नातीला मी यातलं काहीच सांगितलं नाही. फक्त विचारलं, "पवळी मेली, हे कोणी सांगितलं गं?"

ती नाक ओढत पान शोधू लागली. ओळीवर बोट ठेवलं… आणि एकदम ओरडली, "आजी! चुलत्याने!"

"मग आता अर्थ ऐक," म्हणाले मी. आणि नामदेवकाका, तुमची शप्पथ, आधी मीही तुमच्यासारखीच चांगली दोनदा खाकरले.