पिशवीच्या तळाशी ठेवलेलं झबलं

रेवा आणि निनाद, काल रेवाने दवाखान्याच्या बॅगेचा फोटो पाठवला. त्यात बाळाचे कपडे सगळ्यात वर होते, म्हणून आज हे लिहिते.

पहिल्या खेपेला केंदूरच्या घरी मीही यादी करून पिशवी भरली होती. त्यात मी शिवलेलं पांढरं झबलं आणि टोपडं होतं. सासूबाईंनी दोन्ही बाहेर काढली.

“लेकराचं आधी न्यायचं नसतं. कालिजात न्हाई शिकवलं व्हय?”

त्यांची दोन मुलं जन्मताच गेली होती, हे मला ठाऊक होतं. तरीही मी ते कपडे माझ्या जुन्या लुगड्यांखाली लपवून शिरूरच्या दवाखान्यात नेले.

मुलगा झाला, पण तो रडला नाही. फिनेलच्या वासात सासूबाई खाटेजवळ आल्या. आता त्या मला बोलणार, असं वाटलं.

“झबलं आणलंयस, मला ठावं हाय. दे. उघडं न्हाई धाडायचं त्येला.”

त्यांनी त्याला झबलं घातलं, सावकाश बंद बांधले. टोपडं डोळ्यांवर येत होतं, म्हणून काढून माझ्या हातात दिलं.

ते लपवून नेल्याचा दोष मी कित्येक वर्षं स्वतःला दिला. आता देत नाही. रेवा, कपडे वरच राहू दे.

टोपडं माझ्या कपाटात आहे.